फुंकरीचा आकडा कोर्टात किती टिकतो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत दारू पिऊन गाडी चालवण्याच्या खटल्यांबद्दलचे प्रश्न बरेच आहेत. काहींना आपल्यावर अन्याय झाला असं मनापासून वाटतं, काहींनी सरळ पळवाट विचारली आहे. उत्तरं दोघांसाठी एकच आहेत. श्वासाची चाचणी, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून मद्यार्क मोजणं, नियमाने झाली असेल तर ती सहजी खोडता येत नाही. ती निष्काळजीपणे झाली असेल तर खराखुरा दोषी सुटतो आणि क्वचित निर्दोष माणूस अडकतो. गोव्यातल्या आपल्या अरुंद रस्त्यांवर गेलेले जीव पाहता या दोन्ही गोष्टी आपल्याला परवडणाऱ्या नाहीत.

प्रश्न : शिरोड्याहून फोंड्याला परतताना मला अल्कोमीटरमध्ये फुंकायला लावलं. जेवणाआधी दीडशे मिलीचे दोन ग्लास हुर्राक (काजूची सौम्य दारू) घेतलं होतं, लिमका आणि मिरची घालून. प्यायला सुरुवात केल्यापासून अडीच तास झाले होते. माझं वजन 70 किलो. यंत्राने 36 दाखवलं. मी पूर्ण शुद्धीत होतो. तालांव (दंडाची पावती) द्या, जागेवर पैसे भरतो म्हटलं तर कोर्टात या म्हणाले. हे बरोबर आहे का? आणि 36 हा आकडा खरा कशावरून? (वाचक, फोंडा)

आधी तालांवाचं. हेल्मेटसारख्या गुन्ह्यात तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटतं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 मध्ये ते गुन्हे तडजोडीचे ठरवले आहेत. कलम 185, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, त्या यादीत नाही. त्यामुळे प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढेच जाणार. पोलिसांनी सांगितलं ते बरोबर होतं.

आता 36. कायद्याची मर्यादा दर 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क ही आहे. तुम्ही शुद्धीत होता की नव्हता, हा प्रश्न दारूच्या बाबतीत कलम 185 विचारतच नाही. आकडा ओलांडला की गुन्हा झाला. अमली पदार्थांसाठी मात्र वेगळा निकष आहे. तिथे गाडीवर नीट ताबा ठेवता येत नव्हता हे दाखवावं लागतं.

तुमचा हिशोब करून पाहू. हुर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के धरला तर 300 मिलीमध्ये तो 45 मिली होतो. मद्यार्काचा एक मिली 0.789 ग्रॅम भरतो, म्हणजे पोटात गेले साडेपस्तीस ग्रॅम. पुरुषाच्या बाबतीत वजनाला 0.68 ने गुणून त्या संख्येने भागायचं. 70 गुणिले 0.68 म्हणजे 47.6. भागाकार आला 0.75, म्हणजे 100 मिलीला सुमारे 75 मिलिग्रॅम. यकृत तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम खाली आणतं, म्हणून अडीच तासांत साधारण 37 वजा झाले. उरले 38. यंत्राने 36 दाखवलं. यंत्राने तुमच्यावर अन्याय केला असं या गणितावरून तरी म्हणता येत नाही.

तरीही 36 हा आकडा वाद घालण्याजोग्या पट्ट्यात आहे, आणि त्याचं कारण यंत्र काम कसं करतं त्यात आहे. यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वासातला मद्यार्क मोजतं आणि त्याला ठराविक 2100 ने गुणून रक्ताचा आकडा दाखवतं. रक्तातल्या आणि श्वासातल्या मद्यार्काचं हे गुणोत्तर माणसागणिक बदलतं. एका माणसातही पिणं नुकतंच झालंय की दारू उतरत आलीय यावर ते अवलंबून असतं. समजा तुमचं खरं गुणोत्तर 1800 आहे. मग यंत्रावरचे 36 म्हणजे रक्तात 31. ते 2400 असेल तर रक्तात 41. दारू उतरत असताना हे गुणोत्तर बहुतेकांत 2100 च्या वरच असतं, म्हणजे त्या वेळी यंत्राची चूक बहुधा चालकाच्या फायद्याची असते. हे बचाव पक्षाचे वकील सहसा सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट संवेदकाची (सेन्सरची). इंधनघट (फ्युएल सेल) पद्धतीच्या यंत्रात प्लॅटिनमच्या पत्र्यांवर मद्यार्काचं ऑक्सिडीकरण होऊन वीज निर्माण होते आणि ती मोजली जाते. ही पद्धत चांगली. ॲसिटोनला ती जवळजवळ दाद देत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत अर्धवाहक संवेदक असतो आणि तो बाकीच्या वाफांनीही फसतो. कोणतंही यंत्र ठरलेल्या मुदतीत प्रमाणित वायूवर किंवा 34 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. मुदत संपलेल्या यंत्राचा आकडा 36 असेल तर वकिलाला त्यात जागा सापडते. आकडा 120 असेल तर मुदत संपल्याचा मुद्दा फार दूर जात नाही.

प्रकरण कोर्टात उभं राहील तेव्हा आरोपपत्रासोबतच्या कागदांत या गोष्टी शोधा: छापील पट्टी, तिच्यावर यंत्राचा क्रमांक, चाचणीची तारीख-वेळ आणि शून्य चाचणीची (फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवतं का याची) नोंद, त्याच क्रमांकाच्या यंत्राचं त्या तारखेला चालू असलेलं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, केंद्र सरकारने राजपत्रात मान्य केलेल्या प्रकारचं यंत्र असल्याचा आधार, कारण मोटार वाहन कायद्यातल्या श्वासाच्या चाचणीच्या कलम 203 च्या स्पष्टीकरणात ही अट आहे, आणि पट्टी इलेक्ट्रॉनिक नोंदीतून काढलेली असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र. हस्ताक्षरात लिहिलेला नुसता आकडा आणि खाली शिपायाची सही असेल तर तो पुरावा लंगडा आहे.

आकड्याचं एककही पाहा. काही यंत्रं श्वासाच्या लिटरमागे मिलिग्रॅम दाखवतात, काही टक्के दाखवतात. रक्तातले 30 मिलिग्रॅम म्हणजे 0.030 टक्के, आणि श्वासाच्या लिटरमध्ये सुमारे 0.143 मिलिग्रॅम. एका एककातला आकडा दुसऱ्या एककाच्या रकान्यात लिहिला की सगळा घोटाळा होतो.

एक काळजीची गोष्ट. असे खटले लवकर संपावेत म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करण्याकडे लोकांचा कल असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरला आणि सुटलो, असं होत नाही. कलम 20 प्रमाणे दोषी ठरलेल्याचा परवाना किमान सहा महिने अपात्र ठरवायचा असतो. ती शिक्षा नोंदीत राहते, आणि पुढच्या वेळी 15,000 रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद समोर येते. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच ही वाढीव शिक्षा होती. आता ती मुदतीची अट उरलेली नाही. तेव्हा कबूल करायचं तर करा, पण या सगळ्याची कल्पना असू द्या.

प्रश्न : मी दशमूलारिष्ट घेते. शिवाय रोज माउथवॉश वापरते, आणि मला मधुमेह आहे. दारूचा थेंबही न घेता यंत्र मला दोषी ठरवू शकेल का? (वाचक, मडगाव)

अरिष्टात आणि आसवात आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार होतो. पण वीस मिलीच्या मात्रेतून रक्तात येणारा मद्यार्क इतका थोडा असतो की 30 च्या जवळपासही पोचत नाही. धोका रक्ताचा नाही, तोंडाचा आहे. घोट घेतल्यावर, गुळण्या केल्यावर किंवा ढेकर आल्यावर तोंडातल्या वाफेमुळे यंत्र खूप मोठा आकडा दाखवतं. हा मद्यार्क साधारण पंधरा मिनिटांत उडून जातो. म्हणून शास्त्राने सांगितलेली पद्धत अशी: पंधरा मिनिटं माणसावर नजर ठेवायची, त्या वेळात त्याने काही खाऊपिऊ नये, ओढू नये, ओकू नये, आणि मग नवी नळी लावून फुंकायला सांगायचं. जमल्यास थोड्या वेळाने दुसरी चाचणी घ्यायची. दोन्ही आकडे जवळपास आले तर तोंडातल्या मद्यार्काची शंका मिटते. पहिला 60 आणि दुसरा 8 आला तर पहिला तोंडाचाच होता.

मोटार वाहन कायद्यात या पंधरा मिनिटांचा उल्लेख नाही. पण कलम 203 मध्ये श्वासाचे एक किंवा अधिक नमुने असे शब्द आहेत. तेव्हा तुम्ही शांतपणे सांगा: आत्ताच औषध घेतलंय, पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या. अटक झालीच तर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वास देण्याची संधी मिळणं हा कलम 203 चा भाग आहे. औषधाची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत असू द्या.

मधुमेहात साखर फार वाढून किटोन तयार झाले की श्वासाला ॲसिटोनचा वास येतो. चांगलं इंधनघट यंत्र त्याला फसत नाही, स्वस्त यंत्र फसू शकतं. पण त्या अवस्थेतली व्यक्ती झोकांड्या जाताना आणि अडखळत बोलताना दिसते आणि तिला दारू चढली आहे असा समज होतो. इथे प्रश्न खटल्याचा राहत नाही, जिवाचा होतो. अशा वेळी मधुमेह असल्याचं ठामपणे सांगा आणि थेट इस्पितळात नेण्याचा आग्रह धरा. पोलिसांनीही ते ऐकलंच पाहिजे.

प्रश्न : एकाने सांगितलं की फुंकायचंच नाही. चाचणी नाही तर पुरावा नाही. हे खरं का? (वाचक, म्हापसा)

नाही. हा सल्ला अनेकांना खड्ड्यात घालतो. नकार दिला आणि दारूचा वाजवी संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ठाण्यात आणल्यावर कलम 204 प्रमाणे डॉक्टरांकरवी रक्ताचा नमुना मागता येतो. तिथेही नकार दिला तर कलम 205 लागू होतं. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो. रक्त देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं, हा युक्तिवादही टिकत नाही. संविधानातलं ते संरक्षण साक्षीपुरतं आहे, शरीरातून घेतलेल्या नमुन्याला ते नाही. या विचाराचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी 1961 मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात घातला.

या समजुतीचं मूळ जुन्या कायद्यात आहे. 2019 आधी कलम 185 मध्ये फक्त श्वास विश्लेषकाचा उल्लेख होता. त्यामुळे नुसता रक्ताचा अहवाल असेल तर श्वासाची चाचणी कुठे आहे, असा मुद्दा बचाव पक्ष घेई. दुरुस्तीने तिथे प्रयोगशाळेच्या चाचणीसह इतर कोणतीही चाचणी हे शब्द घातले. ते भोक बुजलं.

दमा, छातीची शस्त्रक्रिया, नुकताच झालेला न्यूमोनिया यांमुळे फुंकर पुरी न पडणं ही वेगळी गोष्ट. यंत्राला सलग काही सेकंद, फुफ्फुसाच्या खोल भागातली हवा लागते. ती देता येत नसेल तर तसं सांगा, ते लिहून घ्यायला लावा आणि रक्त द्यायची तयारी दाखवा. तो नकार ठरत नाही.

जिभेखाली नाणं, कांदा, पान, बडीशेप यांनी वास बदलेल, आकडा बदलत नाही.

प्रश्न : मला रात्री साडेअकराला अटक केली आणि डॉक्टरांकडे पावणेतीनला नेलं. दोन तासांचा नियम मोडला. आता केस आपोआप पडेल ना? (वाचक, डिचोली)

आपोआप नाही. कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली नाही तर माणसाला कोठडीतून सोडायचं असतं. कायद्याने सांगितलेला परिणाम तेवढाच आहे. खटला त्याने संपत नाही. पण उशिराने पुरावा दुबळा होतो, तो कसा हे समजून घ्या. गुन्हा आहे तो गाडी चालवतानाच्या पातळीचा. तपासणी सव्वातीन तासांनी झाली तर मधल्या वेळात पातळी पन्नासने उतरलेली असेल. उलट, शेवटचा पेग घेऊन लगेच गाडीत बसलेल्या माणसाची पातळी रस्त्यात कमी असून ठाण्यात वाढलेली असू शकते, कारण पोटातली दारू रक्तात पुरती उतरायला अर्ध्या तासापासून, भरल्या पोटी दोन तासांपर्यंतही वेळ लागतो. म्हणून वेळा महत्त्वाच्या: शेवटचा घोट किती वाजता, अडवलं किती वाजता, फुंकर किती वाजता, रक्त किती वाजता. ठाण्याची डायरी, अटकेचा पंचनामा आणि इस्पितळाची नोंदवही यांतल्या वेळा एकमेकींशी जुळतात का, ते वकिलाकडून तपासून घ्या. रस्त्यावरच्या फुंकरीची छापील पट्टी नीट असेल तर डॉक्टरांकडे झालेल्या उशिराने ती रद्द होत नाही.

प्रश्न : मी एका सरकारी इस्पितळात परिचारिका आहे. रात्री पोलीस चालकाला घेऊन येतात. रक्त घेताना नेमकं काय चुकतं? (वाचक, वाळपई)

हा प्रश्न फार मोलाचा आहे. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, जिल्हा इस्पितळ असो की तालुक्याचं आरोग्य केंद्र, बरेच खटले याच टेबलावर कमावले किंवा गमावले जातात.

त्वचा पुसायला स्पिरिट वापरू नका. साबण-पाणी किंवा मद्यार्क नसलेलं पोव्हिडोन आयोडीन चालतं. स्पिरिट पुरतं वाळलं तर प्रत्यक्ष फरक फार थोडा पडतो, पण उलटतपासणीत स्पिरिट वापरलंत का, याला हो असं उत्तर गेलं की शंका तयार झाली, आणि फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीचा. काय वापरलं ते कागदावर लिहा.

नळी राखाडी बुचाची घ्या. तिच्यात सोडियम फ्लुओराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, फ्लुओराइड जंतूंची वाढ रोखतं. फ्लुओराइड नसेल आणि नमुना उन्हाळ्यात दोन दिवस कपाटात पडला तर यीस्टसारखे जंतू रक्तातल्या साखरेचा मद्यार्क करू शकतात. बूच सैल असेल तर उलट आहे तो उडून जातो. नळी भरपूर भरा, वर मोकळी हवा कमी ठेवा. आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा म्हणजे पूड मिसळते. जोरात हलवू नका. नाव, वेळ, तारीख, घेणाऱ्याची सही आणि मोहोर झाली की नमुना चार अंशांवर ठेवा. वेर्णा येथील न्यायसहायक प्रयोगशाळेला पोचेपर्यंत तो कोणाच्या हातात होता, याची एकही कडी रिकामी राहता कामा नये. पर्वरीत आपल्याकडे ज्याचं खंडपीठ बसतं, त्याच मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये एका देशभर गाजलेल्या अपघात खटल्यात रक्ताच्या नमुन्याचा प्रवास संशयास्पद ठरवून तो पुरावा नाकारला होता.

चालक स्त्री असेल आणि रक्त घेणारे डॉक्टर पुरुष असतील तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. ती डॉक्टरच असावी असं नाही, पण तिचं नाव लिहा.

आणखी एक. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत उपचारासाठी काढलेला मद्यार्काचा आकडा बहुधा रक्तद्रवाचा (पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) असतो आणि तो पूर्ण रक्तापेक्षा सुमारे 15 टक्के जास्त येतो. म्हणजे 33 वाचला तर पूर्ण रक्तात तो 29 च्या आसपास, मर्यादेच्या आतला. कायद्यातला आकडा रक्ताचा आहे. अहवालावर नमुना कशाचा, हे लिहिलंच पाहिजे.

डॉक्टरांच्या नोंदीबद्दलही थोडं. तोंडाला दारूचा वास, चाल अस्थिर, बुबुळं विस्फारलेली, एवढ्यावर थांबणाऱ्या नोंदीवरून माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये बच्चूभाई हसनअली कार्यानी प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे रक्त घ्यायचं राहूनच गेलं, असं होऊ देऊ नका.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो. रात्री नऊपासून एकपर्यंत चार लार्ज घेतले आणि झोपलो. सकाळी सहाला मोपा विमानतळाचं भाडं होतं. नाक्यावर अडवलं असतं तर? (वाचक, वास्को)

अडकला असता. व्हिस्कीचा 60 मिलीचा एक लार्ज म्हणजे सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क, चार म्हणजे 81. 70 किलोच्या माणसात हे 170 होतात. नऊ तासांत 135 उतरले तर सकाळी सहाला 35 उरतात. हे सरासरीचं गणित झालं. ज्याचं यकृत तासाला दहानेच उतरवतं त्याच्यात त्याच वेळी 80 असतील. झोप, आंघोळ, काळी कॉफी यांनी उतरण्याचा वेग वाढत नाही. सकाळचं भाडं असेल तर आदल्या रात्री पिऊ नका, मागे उतारू बसलेले असतात.

प्रश्न : प्यायल्यामुळे मी गाडी न चालवता हरमलला पार्किंगमध्येच झोपलो. तरी गुन्हा होतो का? (वाचक, पेडणे)

कलम 185 मध्ये चालवणं आणि चालवण्याचा प्रयत्न करणं, दोन्ही आहे. मागच्या सीटवर, इंजिन बंद आणि किल्ली खिशात, हा प्रयत्न नव्हे. चालकाच्या सीटवर इंजिन सुरू ठेवून बसलात, एसीसाठी का होईना, तर स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागेल. न चालवण्याचा निर्णय चांगलाच होता. पुढच्या वेळी मागे झोपा.

प्रश्न : पोलिसांनी परवाना ठेवून घेतला आणि पावती दिली. पावतीवर गाडी चालवता येते ना? (वाचक, पणजी)

नाही. कलम 206 मध्ये 2019 ला घातलेल्या पोटकलमाप्रमाणे परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. ती पावती फक्त पोच आहे. परवाना परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवण्याची मुभा नाही. भाड्याच्या दुचाकीवर फिरणाऱ्या पाहुण्यांनाही हे सांगा, कारण पावती दाखवून पुढे जाता येतं असं पुष्कळांना वाटतं.

प्रश्न : भावाच्या गाडीचा अपघात झाला. फुंकर झाली नाही, रक्तही घेतलं नाही. विमा कंपनी दारूचं कारण सांगून गाडीचे पैसे नाकारते. चाचणीच नाही तर नाकारता येतं का? (वाचक, काणकोण)

येऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2021 ला इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात हाच प्रश्न हाताळला. डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक महागडी गाडी उलटून पेटली होती. श्वासाची वा रक्ताची चाचणी नव्हती, वैद्यकीय नोंदीत दारूचा वास असल्याचं होतं. न्यायालयाने सांगितलं की फौजदारी खटल्यातली 30 मिलिग्रॅमची अट विम्याच्या कराराला लागू नाही. अमलाखाली गाडी चालवत होता हे विमा कंपनी परिस्थितीवरूनही दाखवू शकते. निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

म्हणजे फौजदारी खटल्यात पुरावा नाही म्हणून सुटलेला माणूस विम्याच्या दाव्यात हरू शकतो. तुमच्या भावाच्या बाबतीत वैद्यकीय नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि अपघात कसा झाला याचं वर्णन, हे तीन कागद आधी मिळवा. रस्ता रिकामा, समोर काही आडवं आलेलं नाही आणि तोंडाला वास असल्याची नोंद आहे, असं असेल तर बाजू कमकुवत आहे. समोरून गाडी अंगावर आली, गुरं आडवी आली किंवा टायर फुटला याचा पुरावा असेल, तर अपघाताचं कारण दारू नव्हतं हे ग्राहक आयोगापुढे मांडता येतं. कंपनीच्या नकाराचं पत्र आलं त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा.